बंद फ्रीजचं गार पाणी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि माझ्या पोटात पुस्तकं आहेत. ती गार असतील असं समजू नका. माझ्या पोटात आता काही गार होत नाही आणि काही गरमही होत नाही. जे ठेवाल ते ठेवल्यासारखं राहतं. माझा स्वभावही हळूहळू तसाच झाला आहे, त्यामुळे माझ्या गोष्टीत रडारड सापडणार नाही. फ्रीज रडला की खाली पाणी साचतं आणि कोणीतरी फडकं घेऊन येतं. माझ्या खालचं फडकं वाळून कितीतरी वर्षं झाली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही दीडशे भाऊ एका रांगेत उभे होतो. एका माणसाने प्रत्येकाचं दार उघडून आपटलं, कान लावला आणि ‘पास’ म्हणून पुढे गेला. आयुष्यातली पहिली परीक्षा मी नुसतं उभं राहून पास झालो. पुढे एका परीक्षेत मी नुसतं उभं राहिल्यामुळे दुसरंच कोणीतरी नापास झालं. ते सांगण्यासाठीच तर मी दार उघडून बसलो आहे.

माझं पहिलं घर एका डॉक्टरीणबाईंचं होतं. तिथे मला इतकं भरत, की मागच्या बाजूच्या वाटीला आपण कधी काळी ताजे होतो हेही आठवत नसे. मी सगळं जपलं. मग बाईंनी दोन दारांचा फ्रीज आणला आणि घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंना म्हणाल्या, “हा घेऊन जा, अजून चांगला चालतो.” मित्रांनो, तुमच्याबद्दल बोलताना कोणी ‘अजून’ हा शब्द वापरला, की आपली आवराआवर सुरू करावी.

त्या धुणंभांडीवाल्या बाई म्हणजे आमच्या आई. माझ्या नव्हे, घराच्या. बाबा बस डेपोत गाड्या धुतात. दोघांच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी. दीड खोलीचं घर. मला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली, आणि ती परत बसवली तेव्हापासून दार नीट लागत नाही. तरी कोणी तक्रार केली नाही. नवा जावई घरी यावा तसा माझा मान झाला. आई रोज मला पुसत, आणि पुसून झालं की दोन पावलं मागे जाऊन बघत. गल्लीतल्या चार घरांचं दूध माझ्याकडे असे. कोणाच्या पोराचा पाय मुरगळला की बर्फासाठी आमचंच दार वाजे. बाबांना साखरेचा आजार जडला आणि रोजची इंजेक्शनं मागे लागली. ती गार ठेवावी लागतात. बाबा अगदी साधेपणाने म्हणाले, “फ्रीज आहे म्हणून बरं.” इतकी मोठी स्तुती माझी पुढे कोणी केली नाही.

मग एका उन्हाळ्यात माझ्या पाठीत ‘तक्’ असा आवाज झाला आणि मी गप्प झालो. एक कारागीर आला. त्याने मला उघडलं नाही, हलवलं नाही, दारातूनच बघितलं आणि म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, नवा घ्या. नवा घेण्यासारखी परिस्थिती असती तर तो मुळात मला बघायला आलाच नसता, पण हे त्याला कोण सांगणार?

बाबांची इंजेक्शनं शेजारी गेली. शेजारी कपडे शिवणारी मावशी राहते. तिने तोवर स्वतःचा छोटा फ्रीज घेतला होता. दोन्ही घरांच्या मागच्या दारांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. त्या भिंतीवरून रोज सकाळी बाबांचं इंजेक्शन इकडे येई आणि जाताना आईंचा निरोप, मीठ, सुई, जे काही असेल ते तिकडे जाई.

मला मात्र कोणी भंगारात घातलं नाही. चौकट पुन्हा काढायचा सगळ्यांना कंटाळा होता. थोरलीने माझ्यात पुस्तकं लावली. भाजीच्या खणात धाकटीचे कपडे गेले, अंड्यांच्या खाचांत पेन आणि खोडरबरं. आणि एक गोष्ट राहिली होती. कॉम्प्रेसर गेला होता, पण दिवा गेला नव्हता. दार उघडलं की तो लागायचा. मी उभा होतो त्या कोपऱ्यात दिवसाही अंधार असे. थोरली माझं दार उघडून, पाटावर बसून वाचत असे. फ्रीजचं दार सताड उघडं ठेवूनही कोणाची बोलणी न खाणारी ती बहुधा जगातली एकटीच मुलगी.

तिला औषधं बनवण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. बाबांच्या इंजेक्शनच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडीचा कागद असतो, तो ती गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायची. तिला गुणही चांगले मिळाले. आता फक्त एक गोष्ट ठरायची होती. ती पुरेशी गरीब आहे का?

हे जरा समजावून सांगतो. आमच्या घरातली माणसं ज्या समाजातली आहेत, त्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभं ठेवलं होतं. पुढे वरच्यांना वाटलं, हे बरं नाही. मग कॉलेजात काही खुर्च्या या समाजासाठी राखून ठेवल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दाराबाहेरच्यांपैकी काही जण आता बंगल्यात राहतात, आणि राखलेल्या खुर्च्याही तेच पटकावतात. तेव्हा ठरलं, की खुर्ची देण्याआधी घरी जाऊन बघायचं. कागद काय, कोणीही आणतो. म्हणून घरातल्या वस्तू बघायच्या. वस्तूंना गुण द्यायचे, आणि गुण जास्त झाले की मुलगी बाद. शाळेत नेमकं उलटं असतं, त्यामुळे थोरलीला हे समजायला वेळ लागला. नियम चांगला आहे. नियम घरी येईपर्यंत सगळे चांगलेच असतात.

गल्लीच्या तोंडाशी त्याच समाजातला एक कंत्राटदार राहायचा. घर तीन मजली. त्याच्या मुलाचाही अर्ज होता. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने खालचा मजला इतका रिकामा केला, की तपासनिसाला बसायला सतरंजीसुद्धा मिळाली नाही. वरचे दोन मजले मेव्हण्याचे आहेत असं सांगितलं. मेव्हणा पुरावा म्हणून जिन्यावर उभाच होता.

आमच्याकडे मावशी भिंतीवरून म्हणाली, “वहिनी, याला चार तास माझ्याकडे ढकला. वरून चादर टाकते, शिवायचं कापड म्हणून सांगते.”

बाबा म्हणाले, “मेलेल्याला काय लपवायचं? आपण खरं तेच सांगणार.”

“भाऊजी, खोटं बोलणाऱ्याची तयारी असते. खऱ्याची कधीच नसते,” मावशी म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

शिवाय ती चौकट होतीच. ती काढायची कोणी?

तपासनीस भर दुपारी आला. मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता खलनायक आला. तसं नाही. तो सरळ माणूस होता. लाच घेत नसे. लाचेची सुरुवात चहाने होते म्हणून चहाही घेत नसे. फक्त पाणी घेत असे. त्याच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. त्याने पंखा पाहिला, पलंग पाहिला, भांडी पाहिली, आणि मग मला पाहिलं.

“हा?”

“बंद आहे,” थोरली म्हणाली. “सात वर्षं झाली. मी पुस्तकं ठेवते.”

त्याने माझं दार उघडलं. माझा दिवा लागला. मी नेहमीसारखाच लावला. मला दुसरं येतच नव्हतं.

तपासनीस थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने शांतपणे सांगितलं की गेल्या आठवड्यात एका घरी धुलाईच्या यंत्रात बटाटे भरून ठेवले होते, आणि एका घरी टीव्हीला देवघराचा पडदा लावला होता. थोरली म्हणाली, हात घालून बघा, जराही गार नाही. त्याने हात घातला. म्हणाला, “सकाळपासून बंद ठेवला की कोणताच फ्रीज गार नसतो.” पण पुस्तकांवर धूळ होती, आणि एका दिवसात धूळ बसत नाही हे त्याला कळत होतं. त्याची पेन्सिल ‘बंद’ असं लिहिलेल्या चौकटीकडे निघाली. मी बघत होतो.

एवढ्यात आई पाणी घेऊन आल्या.

आता उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी आमच्या नळाला येणारं पाणी अंघोळीलाही जरा कढतच असे. उन्हातून आलेल्या माणसाला ते कसं द्यायचं? त्याने चहाला नाही म्हटलं, तेव्हाच आईंना वाईट वाटलं होतं. त्या मागच्या दाराशी गेल्या, भिंतीवरून नुसता पेला पुढे केला, आणि मावशीने काही न विचारता आपल्या फ्रीजमधली बाटली त्यात ओतली. या दोघींमध्ये अशा गोष्टींना शब्द लागत नाहीत. शब्द लागले असते तर ते तपासनिसाच्या कानावर पडले असते, आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

पेला बाहेरून घामेजला होता. तपासनिसाने एका दमात संपवला. मग त्याने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी थोरलीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर रागही नव्हता. फसवणुकीची सवय झालेल्या माणसाचा चेहरा असतो तसा होता, आम्हा फ्रीजांच्या दारासारखा. लावलं की गपकन बंद.

“पाणी छान गार आहे,” तो म्हणाला.

“असू द्या हो साहेब, उन्हातून आलात,” आई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं.

ते शेजारचं आहे, एवढे तीन शब्द त्या म्हणाल्या नाहीत. मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. पाहुण्याला दिलेलं पाणी कुठून आणलं हे आमच्या घरात सांगत नाहीत. काही नसलं तरी तेवढी अब्रू प्रत्येक घराकडे असते, आणि तिला तपासणीत गुण नाहीत. मी सांगू शकलो असतो, पण फ्रीजला कोणी विचारत नाही. पेन्सिल दुसऱ्या चौकटीकडे वळली.

पंधरवड्याने नकार आला. कारण एका ओळीत होतं. घरात चालू स्थितीतला फ्रीज आढळला. आई आणि थोरली कचेरीत गेल्या. खिडकीतल्या बाईंनी तपासनिसाचा शेरा वाचून दाखवला, की अर्जदाराच्या आईने स्वतःच्या हाताने थंडगार पाणी दिले, चौकशीच्या वेळी पुस्तके भरून ठेवली होती. थोरलीने आईंकडे पाहिलं. आई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. हे सगळं थोरलीने घरी येऊन बाबांना सांगितलं, म्हणून मला कळलं. आईंनी तो पेला घासला, पुन्हा घासला, आणि पालथा घालून ठेवला.

“मेल्या म्हशीला मणभर दूध,” मावशी भिंतीपलीकडून म्हणाली. नेहमीसारखी हसायला गेली, पण हसू आलं नाही. बाटली तिचीच होती ना.

एक वाट होती. नोंदणी असलेल्या कारागिराने मला उघडून तपासावं आणि हा फ्रीज बंद आहे असं लिहून द्यावं, म्हणजे अर्ज पुन्हा बघू, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या होत्या. माणूस मेल्याचं डॉक्टर लिहून देतात, तसंच.

बाबांनी उस्तादला आणलं. सगळं शहर त्याला उस्ताद म्हणत असे. तो म्हाताऱ्या यंत्रांचा डॉक्टर होता आणि त्याला आपल्या हाताचा फार अभिमान होता. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं, की तपासून लिहून द्या. का, ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आमच्या घराची ही खोडच आहे, महत्त्वाचं तेवढं पोटात ठेवायचं. बाबा कामावर गेले. उस्तादने मला भिंतीपासून ओढलं, पाठीमागे बसला, आणि थोड्या वेळाने त्याचं हसणं ऐकू आलं. कॉम्प्रेसर कधी गेलाच नव्हता. त्याच्या बाजूला त्याला सुरू करणारा अंगठ्याएवढा एक रिले असतो, तो जळला होता. उस्तादच्या पिशवीत तसे डझनभर रिले होते. त्याने एक काढला आणि लावला.

आणि मी सुरू झालो.

सात वर्षांनी माझ्या अंगात घरघर आली. मला वाटतं मला आनंद झाला असावा. नक्की सांगता येत नाही, सवय राहिली नव्हती. उस्ताद हात पुसत समोर आला आणि शाबासकीची वाट बघू लागला. आईंनी तोंडाला पदर लावला. धाकटी रडू लागली. थोरली एकेक पुस्तक बाहेर काढून पलंगावर ठेवू लागली, जणू आत पाणी शिरलं होतं. मी जिवंत झालो आणि घरात सुतक पडलं.

त्याला सगळं सांगितल्यावर उस्ताद खाली बसला. “आता मी बंद कसा लिहू? चालू आहे तो. मी चालू केला.” उद्या सकाळी येतो, तोवर ठरवा, असं म्हणून तो गेला. जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मारल्यावर त्यालाच कसंतरी झालं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी घरघर ऐकली आणि चप्पल काढली. मावशीने भिंतीवरून इंजेक्शनांचा डबा पुढे केला. म्हणाली, “आता तुमच्याकडेच ठेवा की. माझ्या हातून त्या दिवशी झालं ते...” आईंनी डबा घेतला नाही, परतही केला नाही. तो बराच वेळ भिंतीवरच राहिला आणि शेवटी मावशीनेच आत नेला. पण झोपण्याआधी आईंनी एक वाटी पाणी माझ्या वरच्या कप्प्यात ठेवलं. का ठेवलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मी ते गोठवलं. माझं कामच ते.

सकाळी चौघं ती वाटी घेऊन पलंगाच्या कडेला बसले. स्वच्छ बर्फ होता. उस्ताद दारात उभा होता. थोरली म्हणाली, “बाबा, राहू द्या. इंजेक्शनं घरात राहतील. मी पुढच्या वर्षी बघीन.” पुढच्या वर्षीही घरात फ्रीज असणारच होता, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाबांनी वाटी उलटी केली, बर्फाचा एक तुकडा तोडला आणि तोंडात धरला. तो पूर्ण विरघळू दिला. मग उस्तादला म्हणाले, “काढा.”

“रिले काढू?”

“रिले काढला तर उद्या कोणीही लावेल, आणि तुमची सही खोटी पडेल. कॉम्प्रेसरच काढा.”

“आणि इंजेक्शनं?”

“मला शेजार आहे,” बाबा म्हणाले.

उस्ताद म्हणाला, चालू यंत्र मी आजवर मारलं नाही. पण त्याने पिशवीतून पाने-पक्कड काढली. काम फार हळू केलं. मला दुखलं का असं तुम्ही विचाराल. आधी मी चालत होतो आणि मग चालत नव्हतो, एवढंच मला माहीत आहे. बाबांनी कॉम्प्रेसर त्यांच्या जुन्या गणवेशाच्या शर्टात गुंडाळला आणि पलंगाखाली ठेवला. उस्तादने खरं ते लिहून दिलं.

तपासनीस पुन्हा आला. त्याने माझ्या पाठीमागे डोकावून पाहिलं. मोकळी जागा होती. त्याने ‘चालू’ खोडलं. मग हा फ्रीज नाही तर काय आहे, असा प्रश्न आला. कारण घरात वस्तू आहे म्हणजे तिला नाव हवंच. तो विचार करून म्हणाला, कपाट. मग त्याने मला बोटाने वाजवून पाहिलं. लोखंडी कपाट. लोखंडी कपाटाला अर्धा गुण होता. थोरली त्यातून कशीबशी पार झाली. कंत्राटदाराचा मुलगा आधीच पार झाला होता, त्याच्या घरात तर कपाटही सापडलं नव्हतं. आता दोघं एकाच वर्गात बसतात. मुलगा चांगला आहे म्हणे.

गोष्ट इथे संपली असं वाटेल, पण हा दाखला एका वर्षाचा असतो. शिक्षण चार वर्षांचं आहे. म्हणजे चारही वर्षं आमचं घर पुरेसं गरीब राहायला हवं, आणि राहतं आहे. त्याबाबतीत आम्ही नियमित आहोत. थोरली लांबच्या वसतिगृहात राहते. काही पुस्तकं घेऊन गेली, काही माझ्याकडे आहेत. दिवा अजून लागतो, पण आता दार कोणी फार वेळ उघडं ठेवत नाही. सुट्टीत ती येते तेव्हा पलंगाखाली वाकून त्या गाठोड्याला हात लावते. शेवटचं वर्ष झालं की कॉम्प्रेसर परत बसवायचा, असं बाबांनी म्हटलं आहे. उस्तादने एक रिले वेगळा काढून ठेवला आहे. इतकी वर्षं बाहेर राहिलेला कॉम्प्रेसर परत चालतो का, हे उस्तादला कोणी विचारलेलं नाही. तोही आपणहून सांगत नाही.

तोच तपासनीस दरवर्षी दुपारी येतो. चहाला नाही म्हणतो. आई नळ सोडतात, पेला भरतात आणि त्याच्या हातात देतात. ते कढत पाणी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पितो, पेला खाली ठेवतो, आणि छान होतं म्हणतो. आई मान खाली घालून उभ्या असतात. मागच्या भिंतीपलीकडे मावशीचं मशीन तेवढा वेळ बंद असतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. जुन्या वस्तू टाकू नका, आणि त्या मेल्या असं कोणी दारातूनच सांगितलं तर एकदा पाठ उघडून बघा. वस्तूंवरून माणूस मोजायला गेलात, तर ती वस्तू त्या घरात काय काम करते, तेही विचारा. आणि तुमच्या घरी कोणी तपासायला आलं, तर त्याला पाणी जरूर द्या. उन्हातून आलेला असतो बिचारा. फक्त देण्याआधी पेला आपल्या गालाला लावून बघा. गार लागला, तर थोडं थांबा.